आंतरजालावरची दलाली : भरती आणि ओहोटी

नालासोपारा स्थानकावरून पश्चिमेला निर्मळमार्गे जाणारा रस्ता कळंबच्या किनाऱ्यापाशी संपतो. शनिवार-रविवारी मुंबई आणि उपनगरांतून येणाऱ्या पर्यटकांवर तेथील रिसॉर्ट, खाणावळी आणि घरगुती निवासव्यवस्था यांचा चरितार्थ अवलंबून असतो. पूर्वी हा पर्यटक ओळखीच्या माणसाकडून दूरध्वनी क्रमांक घेऊन येत असे. आता तो आधी भ्रमणध्वनीवर 'विरारजवळचे समुद्रकिनारे' असे काहीतरी शोधतो, समोर आलेला लेख वाचतो, लेखातील दुव्यावर टिचकी मारतो आणि खोलीचे आरक्षण करतो. हा लेख लिहिणाऱ्याने कळंब पाहिले असेलच असे नाही. खोलीच्या भाड्याचा एक लहानसा हिस्सा मात्र त्याच्या खात्यात जमा होतो. या व्यवहाराला 'अॅफिलिएट मार्केटिंग' म्हणतात. साध्या मराठीत सांगायचे तर ही आंतरजालावरची दलाली होय.

वसई-विरारसारख्या भागात या दलालीचे आकर्षण समजण्याजोगे आहे. रोज लोकलच्या गर्दीत चार तास घालवणाऱ्या तरुणाला घरबसल्या, भांडवलाविना आणि झोपेतही पैसे मिळतील असे सांगितले, तर त्याचे कान टवकारणारच. ही कमाई खोटी नाही; ती मिळवणारी माणसे आहेत. परंतु ती कोणाच्या हातात असते आणि एका रात्रीत कशी आटते, याचा हिशेब सहसा मांडला जात नाही. तो मांडणे आवश्यक आहे.

जुनीच कल्पना, नवे माध्यम

दलाली आपल्याकडे नवी नाही. शेतकऱ्याचा माल विकून देणारा अडत्या आडत घेतो, घर मिळवून देणारा मध्यस्थ भाड्याचा हिस्सा घेतो. अमेरिकेतील अॅमेझॉन कंपनीने जुलै १९९६ मध्ये हेच तत्त्व आंतरजालावर आणले. आपल्या संकेतस्थळावर पुस्तकाची माहिती द्यायची, शेजारी अॅमेझॉनचा दुवा द्यायचा आणि त्या दुव्यावरून गेलेल्या वाचकाने पुस्तक घेतले तर दलाली घ्यायची, अशी ही योजना होती. जून २०१३ मध्ये अॅमेझॉनने भारतात दुकान मांडले आणि ही योजनाही येथे आली. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'कॅशकरो' या भारतीय कंपनीने मिळालेल्या दलालीतील वाटा ग्राहकालाच परत देण्याचा मार्ग धरला. २०१६ मध्ये रतन टाटा यांनी तिच्यात वैयक्तिक गुंतवणूक केल्याने या व्यवसायाला प्रतिष्ठा लाभली.

व्यवहाराचे तंत्र सोपे आहे. प्रत्येक संकेतस्थळाला स्वतःचा सांकेतिक क्रमांक असलेला दुवा मिळतो. वाचकाने टिचकी मारली की त्याच्या ब्राउझरमध्ये एक छोटी खूण, म्हणजे 'कुकी', ठेवली जाते. ठरावीक मुदतीत खरेदी झाली तर दलाली मिळते. अॅमेझॉनकडे ही मुदत साधारणपणे अवघी चोवीस तासांची आहे. वाचकाने आज लेख वाचून परवा वस्तू घेतली, तर लेखकाच्या पदरी काही पडत नाही. प्रवासाच्या क्षेत्रात आणखी एक अट असते. आरक्षण होऊन भागत नाही. पर्यटक प्रत्यक्ष येऊन राहिला पाहिजे. आरक्षण रद्द झाले की दलालीही रद्द.

हजार वाचकांमागे किती?

एक काल्पनिक, पण वास्तवाला सोडून नसलेला हिशेब पाहू. समजा, कळंबवरचा लेख एक हजार लोकांनी वाचला. त्यांपैकी तीस जणांनी दुव्यावर टिचकी मारली आणि एकाने दोन हजार रुपयांची खोली घेतली. आरक्षण करणाऱ्या कंपनीने रिसॉर्टकडून २० टक्के, म्हणजे ४०० रुपये दलाली घेतली आणि त्यातील चौथा हिस्सा संकेतस्थळाला दिला. हजार वाचकांमागे कमाई झाली शंभर रुपये. महिन्याला वीस हजार रुपये मिळवायचे तर दोन लाख वाचक हवेत. एकट्या कळंबच्या माहितीसाठी दरमहा दोन लाख मराठी वाचक मिळणे अवघड आहे. त्यामुळे असा संकेतस्थळचालक कळंबपाशी थांबत नाही. तो अलिबाग, गोवा, मनालीवर लिहू लागतो. न पाहिलेल्या जागांची वर्णने इकडून-तिकडून गोळा करतो. येथेच मजकुराचा कस उतरू लागतो. वाचकाला फसवायचे असा हेतू सुरुवातीला नसतो. पण आकडे त्याला त्या दिशेने ढकलतात.

या साखळीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या रिसॉर्टचालकाची स्थितीही विचारात घ्यायला हवी. वरच्या हिशेबात त्याच्या हाती पडले १,६०० रुपये. गर्दीच्या दिवसांत ज्या खोल्या तशाही भरल्या असत्या, त्यांवरही तो दलाली मोजतो. शिवाय कंपनीच्या संकेतस्थळावरील दरापेक्षा स्वस्तात खोली देऊ नये, अशी बंधने आरक्षण कंपन्या घालत असल्याच्या तक्रारी देशभरातील हॉटेलचालकांनी केल्या होत्या. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तेव्हा या बंधनांचा मुद्दाही त्यात होता. मोठ्या हॉटेलांच्या संघटना आयोगापर्यंत जाऊ शकतात. कळंबमध्ये चार खोल्या भाड्याने देणाऱ्या कुटुंबाला ते शक्य नसते.

ओहोटीची चार कारणे

या कमाईला ओहोटी लागण्याची कारणे साधारण चार आहेत आणि त्यांपैकी एकही संकेतस्थळचालकाच्या ताब्यात नाही.

पहिले कारण म्हणजे दलालीचा दर. तो कंपनी एकतर्फी ठरवते. अॅमेझॉनने एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील दर खाली आणले. फर्निचर आणि गृहसुधारणेच्या वस्तूंवरील दलाली ८ वरून ३ टक्क्यांवर आली, तर किराणा मालावरील ५ वरून १ टक्क्यावर. तेवढेच वाचक आणि तेवढीच विक्री असूनही अनेकांचे उत्पन्न निम्म्याहून खाली घसरले. ना वाटाघाट, ना दाद.

दुसरे कारण म्हणजे शोधयंत्र. अशा संकेतस्थळांचे बहुतेक वाचक गुगलमार्फत येतात. गुगलने २०११ मध्ये 'पांडा' आणि २०१२ मध्ये 'पेंग्विन' या नावाने आपल्या क्रमवारीच्या पद्धतीत बदल केले, तेव्हा निकृष्ट मजकुराची असंख्य संकेतस्थळे खाली फेकली गेली. सप्टेंबर २०२३ मधील बदलाने अनेक छोट्या, स्वतंत्र संकेतस्थळांचे वाचक हिरावले. मार्च २०२४ च्या बदलानंतर शोधातील निकृष्ट आणि उसना मजकूर ४५ टक्क्यांनी घटल्याचे गुगलने जाहीर केले. त्यात काही चांगली संकेतस्थळेही भरडली गेल्याची तक्रार जगभरातून झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात शोधाच्या उत्तरातच कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेला सारांश मिळू लागला. उत्तर वरच्या वरच मिळाले तर वाचक दुव्यापर्यंत जाणार कशाला? ज्याच्या मजकुरावर सारांश उभा राहतो, त्याच्याच पोटावर हा पाय आहे.

गुगल येथे केवळ पंच नाही, खेळाडूही आहे, हा आक्षेप जुना आहे. स्वतःच्या खरेदी-तुलना सेवेला झुकते माप दिल्याबद्दल युरोपीय आयोगाने जून २०१७ मध्ये तिला २४२ कोटी युरोंचा दंड केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय न्यायालयाने तो कायम ठेवला. भारतातही स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधातील पक्षपातासाठी गुगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड केला. विमान प्रवासाच्या शोधात स्वतःच्या सेवेला ठळक जागा देण्याचा मुद्दा त्यात होता. म्हणजे प्रवासविषयक छोटी संकेतस्थळे ज्या रस्त्यावर दुकान मांडतात, त्या रस्त्याच्या मालकाचेही तेथे दुकान आहे.

तिसरे कारण बाजारातील आघात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि प्रवास थांबला. दलाली प्रत्यक्ष मुक्कामानंतरच मिळत असल्याने आधीच्या महिन्यांत झालेल्या आरक्षणांचे उत्पन्नही बुडाले. किनाऱ्यावरचा रिसॉर्टचालक आणि त्याच्याविषयी लिहिणारा संकेतस्थळचालक एकाच दिवशी रिकामे झाले.

चौथे कारण म्हणजे दलालीतलीच चोरी. वाचकाने टिचकी मारलेली नसताना गुपचूप आपली कुकी बसवून दलाली लाटणाऱ्यांवर अमेरिकेत ईबे कंपनीच्या तक्रारीनंतर फौजदारी खटले चालले आणि दोषींना तुरुंगवास झाला. डिसेंबर २०२४ मध्ये पेपाल कंपनीच्या 'हनी' या सवलत शोधणाऱ्या साधनावर असाच आरोप झाला. ग्राहक पैसे भरण्याच्या पायरीवर असताना हे साधन शिफारस करणाऱ्याची खूण पुसून स्वतःची लावते, असे त्या आरोपाचे स्वरूप होते. कंपनीने आपण उद्योगातील प्रचलित नियमांनुसारच वागत असल्याचे म्हटले. प्रकरण न्यायालयात गेले. या व्यवसायात घाम एकाचा आणि दाम दुसऱ्याचा असे होऊ शकते, एवढे तर त्यातून स्पष्ट झाले.

कमाईचे आमिष आणि फसवणूक

खऱ्या दलालीत जोखीम असते. खोट्या दलालीत लूट. दोन्हींतला फरक ओळखता न आल्याने मुंबई आणि परिसरातील लोकांनी यापूर्वी मोठी किंमत मोजली आहे. २०११ मध्ये कोसळलेल्या 'स्पीक एशिया'चे प्रकरण विसरता येण्याजोगे नाही. सुमारे ११ हजार रुपये भरून सभासद व्हायचे, आठवड्याला घरबसल्या सर्वेक्षणाचे अर्ज भरायचे आणि पैसे मिळवायचे, शिवाय नवे सभासद आणल्यास अधिक पैसे, असा तो प्रकार होता. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास केला तेव्हा दोन हजार कोटी रुपयांहून अधिक रकमेचा मामला समोर आला. सर्वेक्षणे ही केवळ सबब होती. जुन्यांना दिले जाणारे पैसे नव्या सभासदांच्या खिशातून येत होते.

आज त्याचे रूप बदलले आहे. 'हॉटेलांना तारांकित अभिप्राय द्या आणि पैसे कमवा' असा संदेश येतो, सुरुवातीला दीडशे-दोनशे रुपये खात्यात जमाही होतात आणि विश्वास बसला की मोठे 'टास्क' मिळवण्यासाठी आधी पैसे भरायला सांगितले जाते. पैसे भरले की संपर्क तुटतो. ऑक्टोबर २०२० मध्ये स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयासह राज्यभरातील पोलिसांपुढे हा गुन्हेप्रकार उभा आहे. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तातडीने कळवणे हाच रक्कम वाचवण्याचा पहिला उपाय आहे. ओळखण्याची कसोटी एकच. खरी दलाली विक्रीतून येते आणि ती देणारी कंपनी कामासाठी आधी पैसे मागत नाही. वस्तू किंवा सेवा कोठेच दिसत नसेल आणि कमाई फक्त माणसे जोडण्यातून होत असेल, तर तो व्यापार नव्हे. डिसेंबर २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या थेट विक्री नियमांनी अशा पिरॅमिड योजनांवर बंदी घातली आहे.

कायद्याची चौकट

प्रामाणिकपणे व्यवसाय करणाऱ्यावरही काही बंधने आली आहेत आणि ती योग्यच आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये फसव्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने शिफारस करणाऱ्यांसाठी स्वतंत्र सूचना दिल्या. शिफारशीमागे आर्थिक हितसंबंध असेल तर तो ठळकपणे आणि सोप्या भाषेत सांगितला पाहिजे, असा त्यांचा मथितार्थ आहे. फसव्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कर आकारणीतही हे उत्पन्न 'वरकड' म्हणून लपत नाही. दलालीवरील उद्गम करकपातीचा दर ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्क्यांवर आला असला, तरी कापलेला कर विवरणपत्राशी जुळवावा लागतोच. वार्षिक उलाढाल २० लाखांपुढे गेल्यास वस्तू व सेवा कराची नोंदणीही क्रमप्राप्त ठरते.

अवलंबित्व कमी करणे हाच मार्ग

मग या धंद्यात पडूच नये काय? असा निष्कर्ष टोकाचा ठरेल. जोडउत्पन्न म्हणून, मर्यादित अपेक्षा ठेवून केलेली ही दलाली उपयोगी ठरू शकते. परंतु तिच्या भरवशावर नोकरी सोडणे किंवा ती शिकवण्याच्या नावाखाली चालणाऱ्या महागड्या वर्गांत हजारो रुपये ओतणे धोक्याचे आहे. शिकवणाऱ्याचे उत्पन्न दलालीतून येते की विद्यार्थ्यांच्या शुल्कातून, एवढा एक प्रश्न विचारला तरी बरेच काही उलगडते.

टिकाव धरायचा तर एकाच कंपनीचा दर आणि एकाच शोधयंत्राची मर्जी यांवर विसंबून राहणे सोडावे लागेल. ज्याच्याकडे प्रत्यक्ष पाहून, राहून, चाखून लिहिलेला मजकूर आहे आणि थेट त्याचे नाव घेऊन येणारा वाचक आहे, तोच ओहोटीत उभा राहू शकतो. कळंबच्या बाबतीत तर उपाय आणखी जवळ आहे. राज्यातील न्याहारी-निवास योजना घरगुती व्यवस्थेला नोंदणी आणि ओळख देते. कळंब, राजोडी, अर्नाळा येथील व्यावसायिकांनी एकत्र येऊन खोल्या, दर, जेवण, बसची वेळ आणि समुद्रातील धोक्याच्या जागा यांची खरी माहिती देणारे मराठी संकेतस्थळ चालवले, तर दलालीचा मोठा हिस्सा गावातच राहील. त्याची देखभाल करणाऱ्या स्थानिक तरुणाला ठरलेली, दृश्य आणि हिशेबात मांडता येणारी दलालीही देता येईल. असे संकेतस्थळ गुगलच्या पहिल्या पानावर रोज झळकणार नाही. मात्र एकदा येऊन गेलेला पर्यटक पुढच्या वेळी थेट तेथेच येईल, आणि त्या येण्यावर दुसऱ्या कोणाची दलाली नसेल.