गाठ दुखत नाही, म्हणून

सातपुड्याच्या पायथ्याशी, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत कोरकू, भिलाला, निहाल कुटुंबांची गावे आहेत. तिथल्या बाईच्या हाताला स्तनात गाठ लागली, तरी ती सहसा कुणाजवळ बोलत नाही. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. न दुखणाऱ्या गाठीपायी ऐन कापूस वेचणीत रोजी कोण बुडवणार? त्यात तपासायला पुरुष डॉक्टर असेल, ही लाज. दवाखाना आठवतो तो गाठ फुटून जखम वाहू लागल्यावर.

आणि दवाखाना तरी कुठला? जळगाव जामोदहून छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय दोनशे किलोमीटरहून लांब, नागपूर तर तीनशेच्याही पुढे. किरणोपचार म्हणजे कित्येक आठवड्यांच्या खेपा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून शस्त्रक्रियेचा खर्च निघतो, पण घरी गुरे आणि लेकरे कोण सांभाळणार?

वेळेवर उपचार मिळण्यातली अशी दरी अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही आहे. तिथे कृष्णवर्णीय स्त्रियांना स्तनाचा कर्करोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा किंचित कमी होतो, तरी त्यातून होणारे मृत्यू मात्र सुमारे 40 टक्क्यांनी जास्त आहेत. गाठीचा प्रकार हे एक कारण खरे, पण उशिरा निदान आणि तुटक उपचार यांचा वाटा मोठा आहे.

ही दरी कमी करता येते, हे मुंबईने दाखवले आहे. टाटा रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींची दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत तपासणी झाली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या; दहावी शिकलेल्या, प्रशिक्षण घेतलेल्या बाया होत्या. मॅमोग्राफी नाही, नुसता हात. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले: तपासणी झालेल्या गटात गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांना तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवे.

आज आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. स्तनात गाठ आहे का, आकार बदलला का, बोंडातून रक्त येते का, असे प्रश्न त्यात आहेत. अंगणात सासू आणि दीर बसलेले असताना या प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच येणार. प्रश्न विचारला म्हणजे तपासणी झाली, असे मानणे बंद करा.

बुलढाण्यात 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याने आणि जिल्हा परिषदेने मिळून उपकेंद्रांतल्या परिचारिकांना हाताने तपासायला शिकवावे आणि सातपुड्यातल्या गावांत बाजाराच्या दिवशी बंद खोलीत तपासणी ठेवावी. सुरुवात पन्नाशी ओलांडलेल्या बायांपासून करावी, आणि गाठ सापडलेल्या प्रत्येकीसोबत रुग्णालयापर्यंत एक माणूस द्यावा.