मुळावर उठलेला सूत्रकृमी

डाळिंबाच्या बागेला पाणी वेळेवर, खत वेळेवर. तरीही झाड भर दुपारी मलूल होते, पाने पिवळी पडतात, फळ पोसत नाही. फवारण्यांचा खर्च वाढतो, फरक मात्र पडत नाही. अशा झाडाची पांढरी मुळी उकरून पाहिली, तर अनेकदा तिच्यावर मण्यांच्या माळेसारख्या गाठी दिसतात. हे काम मूळगाठ सूत्रकृमीचे. टोमॅटो, वांगी, भेंडी यांनाही तो सोडत नाही. त्यामुळे हा प्रश्न राहाता-संगमनेरच्या डाळिंब बागायतदारांचा आहे, तसाच नागापूरच्या आसपास भाजीपाला करणाऱ्यांचाही आहे.

आरोग्याच्या सदरात शेतीचा रोग कशाला, असे कोणी विचारील. त्याची कारणे दोन. पहिले कारण विज्ञानाचे. या कृमीची पिल्ले अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असतात. मुळाच्या टोकाजवळून ती आत शिरतात आणि अन्नपाणी वाहणाऱ्या भागातील मोजक्या पेशी निवडतात. सुईसारख्या मुखांगातून त्यांत स्राव सोडतात. मग त्या पेशींतील केंद्रके पुन्हा पुन्हा विभागतात, पण पेशी काही विभागत नाही. ती फुगत शेकडो पट मोठी होते आणि कृमीचे कोठार बनते. भोवतालच्या पेशी वाढून गाठ तयार होते. मादी तिथेच ठाण मांडते आणि शेकडो अंडी घालते.

झाडाची जनुके न बदलता हे घडते कसे? उत्तर एपिजेनेटिक्समध्ये आहे. जनुके म्हणजे पोथीतला मजकूर मानला, तर त्यातले कोणते पान उघडायचे आणि कोणते मिटून ठेवायचे, हे ठरवणाऱ्या रासायनिक खुणा डीएनएवर असतात. मिथाइल ही त्यातली महत्त्वाची खूण. मजकूर तोच राहतो, पण खुणा बदलल्या की वाचन बदलते. माणसाच्या कर्करोगातही अशा खुणा बिघडलेल्या आढळतात. कृमी शिरलेल्या मुळांतही त्या बदलतात. पण त्यातला प्रत्येक बदल कृमीच्या फायद्याचा नसतो. बेल्जियममधील गेन्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवले की, कृमीची चाहूल लागताच भात आणि टोमॅटोच्या मुळांतील मिथाइल खुणा मोठ्या प्रमाणावर कमी होतात. भातात त्याचा संबंध कृमीचा उपद्रव कमी होण्याशी आढळला. म्हणजे झाडही आपल्या बचावाची पाने उघडत असते. या ज्ञानातून उद्या प्रतिकारक्षम वाण मिळू शकतील. आज त्यावरचे औषध बाजारात आहे असे कोणी सांगितले, तर विश्वास ठेवू नये.

दुसरे कारण आमच्या वॉर्डातले. सूत्रकृमीसाठी वर्षानुवर्षे फोरेटसारखी दाणेदार विषे वापरली गेली, तीही अनेकदा उघड्या हातांनी. फोरेटच्या विक्रीवर आणि वापरावर 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंदी आहे. घरात जुना पुडा उरला असेल, तर तो वापरू नका. असे विष कातडीतूनही शरीरात जाते. तोंडाला लाळ सुटणे, दरदरून घाम, उलट्या-जुलाब, डोळ्यांची बाहुली बारीक होणे, धाप लागणे ही लक्षणे दिसली, तर कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवा आणि रुग्णाला तातडीने रुग्णालयात आणा. औषधाचा पुडा सोबत आणा. लिंबूपाणी किंवा मीठपाणी पाजून ओकारी काढण्याचा प्रयत्न करू नका.

विषाचा आधार कमी करायचा, तर कृमीला शेतात येऊच न देणे बरे. तो बहुतेकदा रोपाच्या पिशवीतील मातीतून येतो. म्हणून रोप घेताना एक-दोन पिशव्या फोडून मुळे पाहा. गाठ दिसली तर ती रोपे परत करा. उन्हाळ्यात खोल नांगरट करून जमीन तापू द्या. लागवडीत निंबोळी पेंड घाला, ओळींमध्ये झेंडू लावा. रासायनिक औषध लागलेच, तर ते कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने आणि हातमोजे घालूनच टाका.

शासनाकडेही एक मागणी आहे. 2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, सामू यांसह 12 घटक तपासले जातात. त्यांत सूत्रकृमी नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात या कृमींवर अनेक वर्षे काम होत आले आहे. ती तपासणी तालुक्याच्या ठिकाणी मिळावी आणि रोपवाटिकांना सक्तीची व्हावी. रक्त तपासल्याशिवाय डॉक्टरने औषधांचा मारा केला तर आपण जाब विचारतो. शेतकऱ्याला मात्र माती न तपासता विष टाकावे लागते, कारण तपासणीची सोयच त्याच्या जवळ नाही. त्याची किंमत झाड मोजते, आणि दाणे हाताने टाकणारी मजूर बाईही मोजते.