अक्षरालाही चेहरा असतो

अक्षर केवळ वाचायचे नसते, ते पाहायचेही असते, असे माझे स्पष्ट मत आहे. १९६२ साली ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ या नाटकाच्या जाहिरातीचे शीर्षक कमल शेडगे यांनी रेखाटले. पुढे कितीतरी नाटकांना त्यांच्या अक्षरांनी चेहरा दिला.

सुट्टीत त्यांच्या शीर्षकांचे पुस्तक मी घरी नेले. आई निरक्षर. छापील कागद पुढे आला की ती अंग चोरते. पण त्या दिवशी एका शीर्षकावर तिने आपणहून बोट ठेवले, “हे हसायचं नाटक दिसतंय.” नाटक खरोखरच विनोदी होते!

घरात शिकलेला मी एकटा. मी शब्द वाचला होता. अक्षर तिने पाहिले. म्हणून म्हणतो, लेखकाबरोबर अक्षरे काढणाऱ्याचेही नाव छापले पाहिजे. या वार्षिकांकापासूनच सुरुवात का करू नये?