सीमाभागातले मत कशाने ठरते?

विधानसभेचे निकाल लागले की कोल्हापूरकडच्या पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला असतो : "तुमच्याकडे एवढी मराठी माणसे, मग समितीचा एकही आमदार कसा नाही?" आणि आपले कट्ट्यावरचे उत्तरही ठरलेले असते : मराठी माणूस विकला गेला! मला हे उत्तर मुळीच मान्य नाही. ते आळशी तर आहेच, शिवाय आपल्याच आईवडिलांचा अपमान करणारे आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव, खानापूर, निपाणी हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून महाराष्ट्र एकीकरण समितीला मत देणे म्हणजे नुसता आमदार निवडणे नव्हते. सरकारने सार्वमत घेतले नाही, म्हणून लोकांनी ते मतपेटीतून स्वतःच घेतले. १९६७ साली महाजन आयोगाने निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, पण बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे असे सुचवले. महाराष्ट्राने तो अहवाल नाकारला. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबार होऊन माणसे मेली. अशा वेळी समितीच्या उमेदवाराला "गावच्या रस्त्याचे काय?" असे कोण विचारणार? माझे आजोबा तर उमेदवाराचे नावही विचारीत नसत.

पण २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि सार्वमताचे काम जणू मतपेटीकडून कोर्टाकडे गेले. मतदार मग मोकळ्या झालेल्या मताकडून दुसरी कामे मागू लागला. त्यातच २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत उचगाव आणि बागेवाडी हे मतदारसंघ नाहीसे झाले, नव्या सीमा आखल्या गेल्या. त्या निवडणुकीत समितीच्या हाती भोपळा आला. २०१३ मध्ये खानापूर आणि बेळगाव दक्षिण येथे दोन आमदार आले. २०१८ आणि २०२३ मध्ये पुन्हा शून्य. २०१८ साली तर समितीचेच दोन गट एकमेकांसमोर उभे होते. मतदार फुटला असे आपण म्हणतो. आधी कोण फुटले?

आता २०२१ हे एकच वर्ष घ्या. एप्रिलमधील बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीचे शुभम शेळके यांना १ लाख १७ हजारांवर मते पडली. सप्टेंबरमध्ये महापालिकेची निवडणूक प्रथमच पक्षचिन्हांवर झाली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपने जिंकल्या. दोन्हीकडचे मतदार सगळे तेच नव्हेत हे खरे. पण आमच्या गल्लीत तरी बरेचसे तेच होते. माझ्या काकूंनी एप्रिलमध्ये समितीला मत दिले, सप्टेंबरमध्ये दिले नाही. कारण विचारले तर म्हणाल्या, "तिकडं आवाज दाखवायचा होता, इकडं नळाला पाणी आणायचं हाय." राज्यशास्त्राच्या तासाला मी इतके स्पष्ट विवेचन ऐकलेले नाही. (प्राध्यापक महोदय क्षमा करतील.)

राष्ट्रीय पक्षांनीही हे ओळखले आहे. ते मराठी बोलणारे उमेदवार देतात, छत्रपतींचे नाव घेतात. मार्च २०२३ मध्ये राजहंसगडावरील शिवपुतळ्याचे अनावरण एकदा भाजप सरकारने केले आणि काही दिवसांतच काँग्रेसने पुन्हा केले! अस्मितेचा मक्ता एकट्या समितीकडे राहिलेला नाही.

निपाणीचे गणित आणखी वेगळे. तिथे तंबाखू, ऊस आणि सहकारी संस्था यांचे वजन भाषेइतकेच आहे. १९८१ च्या तंबाखू आंदोलनात मराठी व कन्नड शेतकरी एकाच महामार्गावर बसले होते. ६ एप्रिलच्या गोळीबारात १२ शेतकरी मारले गेले. त्या आंदोलनातले प्रा. सुभाष जोशी पुढे तिथून आमदार झाले. भावाचा प्रश्न कुठल्याही भाषेत सारखाच बोचतो.

कन्नड विभागातील मित्रांना हे परके वाटू नये. केरळातल्या कासरगोडचा कन्नड माणूस याच वाटेने गेला आहे. चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा तो भाग कर्नाटकाला द्यावा असे महाजन आयोगानेच सुचवले होते. मंजेश्वरहून पूर्वी कर्नाटक समितीचे आमदार निवडून येत. पुढे लढत मुस्लिम लीग, कम्युनिस्ट आणि भाजप यांच्यात होऊ लागली.

माझे म्हणणे एवढेच, की विलीनीकरणाचा दावा कोर्टात चालू असेपर्यंत समितीने रोजच्या भाषिक हक्कांवर मत मागावे. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक आहेत, तिथे सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेतही मिळावेत, हे केंद्राने मान्य केलेले तत्त्व आहे. उतारा मराठीत, दवाखान्यातली पाटी मराठीत, मराठी शाळेला शिक्षक : यावर किती सभा होतात? माझ्या वयाच्या मतदाराला १९५६ पाठ आहे. कचेरीतला अर्ज मात्र दुसऱ्याकडून भरून घ्यावा लागतो.

आणि पक्षाच्या चिन्हावर उभ्या राहणाऱ्या मराठी उमेदवारांनाही आपण मोकळे सोडू नये. मंजेश्वरहून २०२१ मध्ये निवडून आलेले लीगचे ए. के. एम. अश्रफ यांनी केरळ विधानसभेत कन्नडमधून शपथ घेतली. पुढच्या प्रचारात आमच्या गल्लीत जो येईल, त्याला मी विचारणार आहे : तुम्ही कुठल्या भाषेत घेणार?