फुगलेल्या शिरा आणि ऑपरेशनची घाई

सैन्यभरतीसाठी सातारा-सांगलीकडची पोरं पहाटे उठून वर्षानुवर्षं धावतात. मैदानी चाचणी पार पडते, आणि वैद्यकीय तपासणीत ‘व्हेरिकोसील’ निघाल्यामुळे अपात्र ठरतात. कधी दुखलंखुपलं नाही अशा मुलाला आपल्या अंडकोषातल्या शिरा फुगल्या आहेत हे त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. दुसरीकडे लग्नाला काही वर्षं झालेलं जोडपं असतं. बायकोच्या सगळ्या तपासण्या उरकल्यावर नवऱ्याची पाळी येते आणि तोच शब्द समोर येतो. ऑपरेशन करायचं का, हा प्रश्न दोघांनाही पडतो. उत्तर मात्र दोघांचं वेगळं आहे.

अंडकोषाकडून रक्त वर नेणाऱ्या शिरांमधल्या झडपा नीट मिटल्या नाहीत की रक्त खाली साचतं आणि शिरा फुगतात. हे बहुतेकदा डाव्या बाजूला होतं. डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, तर उजवी तिरकी होऊन थेट महाशिरेत जाते. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोनेक अंश कमी तापमान लागतं. साचलेल्या रक्ताने ते वाढतं. एडिंबरोचे डॉक्टर टलॉक यांनी वीर्यात शुक्राणूच नसलेल्या एका रुग्णाच्या फुगलेल्या शिरा बांधण्याची शस्त्रक्रिया केली आणि पुढे तो बाप झाला, अशी नोंद १९५२ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून वंध्यत्वावरचा उपाय म्हणून तिच्याकडे पाहिलं जाऊ लागलं.

पण आकडे दोन्ही बाजूंनी बोलतात. मूल न होणाऱ्या पुरुषांपैकी सुमारे ३५ ते ४० टक्क्यांमध्ये हा दोष सापडतो, म्हणून तो दुर्लक्षून चालत नाही. एकूण पुरुषांमध्येही तो १५ टक्क्यांच्या आसपास आहे, आणि त्यातले बहुसंख्य कोणत्याही उपचाराशिवाय बाप होतात. म्हणजे शीर फुगलेली दिसली एवढ्यावर कारण सापडलं असं मानणं चूक आहे. हाताला न लागणारी, फक्त डॉपलर सोनोग्राफीत दिसणारी शीर बांधून मूल होण्याची शक्यता वाढते, याला भरवशाचा पुरावा नाही. तरीही तेवढ्या रिपोर्टवर ऑपरेशनची तारीख दिली जाते, हे मला मान्य नाही.

ज्याची शीर उभं राहून तपासताना हाताला लागते, वीर्यतपासणीत शुक्राणू निदान दोनदा कमी आले आहेत आणि मूल हवं आहे, त्याला मात्र संकोचापायी थांबवून ठेवणं तितकंच चूक. सूक्ष्मदर्शकाखाली शिरा बांधण्याच्या पद्धतीत दोष परत उद्भवण्याचं आणि अंडकोषाभोवती पाणी साचण्याचं प्रमाण सर्वांत कमी असतं. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे फरक तीन ते सहा महिन्यांनी कळतो. इथे बायकोचं वयही तोलावं लागतं. ती पस्तिशीच्या पुढे असेल तर वाट पाहण्यात तिचाच वेळ जातो आणि टेस्ट ट्यूबचा मार्ग आधी विचारात घ्यावा लागतो.

दुखणं असेल तर आधी घट्ट आधार देणारी अंतर्वस्त्रं, विश्रांती आणि साधं वेदनाशामक. त्याने भागलं नाही, तर शस्त्रक्रिया. वाढत्या वयाच्या मुलात एका बाजूचा अंडकोष लहान राहत असेल तर लक्ष ठेवणं अटळ आहे. आणि शिरा अचानक फुगल्या, नुसत्या उजवीकडे फुगल्या किंवा आडवं झाल्यावरही ओसरल्या नाहीत, तर पोटाची सोनोग्राफी करायलाच हवी, कारण क्वचित मूत्रपिंडाची गाठ अशी दिसून येते.

भरतीचा मुलगा तब्येतीसाठी नव्हे, नोकरीसाठी ऑपरेशन करून घेतो. त्याची गरज खरी आहे, म्हणून त्याला नावं ठेवू नयेत. पण तालीम सुरू करण्याआधीच भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमीने एकदा डॉक्टरकडून तपासून घेतलं, तर अपात्र ठरल्यावर सैन्याच्या पुनर्तपासणीपर्यंतच्या मोजक्या दिवसांत मिळेल त्या दवाखान्यात धावायची वेळ त्याच्यावर येणार नाही. आणि मूल न होणाऱ्या जोडप्यात नवऱ्याची वीर्यतपासणी तपासण्या सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात व्हावी: ती स्वस्त आहे, तिच्यात सुई टोचावी लागत नाही.