केळीला उन्हाची मर्यादा, मग मजुराला का नाही?

जळगाव आणि भुसावळच्या मधोमध, महामार्गावर वसलेल्या नशिराबादला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकला तरी आता कुणाला नवल वाटत नाही. त्या उन्हाची दखल सरकारदरबारी घेतली जाते, ती केळीसाठी. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर तापमान सलग काही दिवस ठरलेल्या मर्यादेच्या वर राहिले, की विमाधारक शेतकऱ्याला भरपाई मिळते. ते रास्तच आहे. तापलेल्या वाऱ्यात पाने करपतात, पाणी देऊनही झाडाची तहान भागत नाही, घड सटकतात. म्हणून तर शेतकरी बांधावर शेवरी लावतो आणि घड पानांनी झाकतो. पण ज्या तापमानाला केळीचे नुकसान गृहीत धरले जाते, त्याच तापमानात त्याच बागेतून खांद्यावर घड वाहणाऱ्या मजुराचे नुकसान शून्य कसे?

खानदेशाला ऊन नवे नाही, माणसे सरावलेली आहेत, असे यावर म्हटले जाते. सराव खरा आहे, पण तो पहाटे कामाला लागून दुपारी सावलीला बसण्याच्या रीतीवर उभा होता. उक्त्या कामात बसलेला तास म्हणजे बुडालेली मजुरी, आणि व्यापाऱ्याची गाडी उभी असेल तर कापणी थांबत नाही. रात्री पत्र्याचे घर निवत नाही, म्हणून शरीराला दिवसाचा ताण उतरवायला वेळच मिळत नाही. उन्हाळ्यात विहिरींचे पाणी खोल जाते आणि पाण्याचे हंडे वाहण्याचे काम पुन्हा बायकांच्याच माथी येते. या साऱ्याची झळ ज्याच्याकडे जमीन नाही त्याला आधी लागते, आणि विमा मात्र जमीन कसणाऱ्याच्याच नावावर निघतो.

दुपारी काम बंद ठेवले तर मजुरीच बुडेल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. म्हणूनच नुसती सक्ती पुरणार नाही; वेळ बदलावी लागेल आणि बुडालेल्या मजुरीची सोयही करावी लागेल. केरळचा कामगार विभाग उन्हाळ्यात उघड्यावरच्या कामाला दुपारी बारा ते तीन विश्रांती सक्तीची करतो. अहमदाबादने 2010च्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेनंतर 2013मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा केला. ‘सेवा’ संघटनेने 2024मध्ये गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या कष्टकरी सभासद महिलांना तापमान वाढताच थेट 400 रुपये दिले. रक्कम लहान आहे, पण पारा चढला की मजुराच्या हाती पैसे पोचवता येतात, हे तिने दाखवून दिले.

केळीच्या विम्यासाठी वापरली जाणारी हवामान केंद्रे मंडळात आहेतच. त्यांच्याच नोंदीवर शेतमजुरांसाठी भरपाईची योजना राज्य सरकारने आखावी, आणि एप्रिल-मेमध्ये कापणी व बांधकामाच्या वेळा जिल्हा प्रशासनाने ठरवून द्याव्यात. खर्च होईल, पण आजही तो होतोच आहे. फक्त तो मजुराच्या शरीरातून वसूल होतो आणि कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.