विहारात दारू सोडणाऱ्याला जागा आहे का?

मागच्या वर्षावासात वंदना आटोपल्यावर एक आई माझ्याजवळ आली. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "भाऊ, ते दारू सोडाची मीटिंग कुठी भरते? पोरगा सोडतो म्हणते." मला उत्तर देता आले नाही. जयंतीच्या मिरवणुकीचा मार्ग मला तोंडपाठ आहे, दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाड्यांच्या वेळाही. पण यवतमाळ जिल्ह्यात दारू सोडू पाहणाऱ्या माणसाने कुठे जावे, हे मला, एका कार्यकर्त्याला, ठाऊक नव्हते. लाज तिला वाटत होती. वाटायला हवी होती मला.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पंचशीलातले पाचवे शीलही तेच. पण मित्रांनो, व्यसन जडलेला माणूस हे शील सकाळी घेतो आणि संध्याकाळी मोडतो. मग तो विहारात यायचेच सोडतो. आपण म्हणतो, "बाबासाहेबांना विसरला." तो विसरलेला नसतो. त्याला तोंड दाखवायची हिंमत होत नसते. प्रतिज्ञा माणसाला उभे करण्यासाठी दिली होती. आपण तिचा दंडुका केला.

आपण दारूबंदीसाठी लढतो, आणि लढलेच पाहिजे. संविधानाचे कलम ४७ सरकारला दारूबंदीची दिशा दाखवते आणि तेच सरकार दारूच्या महसुलावर डोळा ठेवून असते. गावोगावच्या बायांनी 'आडवी बाटली'ला मत देऊन दुकाने बंद पाडली, त्यांना माझा जयभीम. पण दुकान बंद झाले म्हणजे व्यसन सुटले, असे होत नाही. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली दारूबंदी आली आणि २०२१ साली उठली. त्याच २०२१ च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीत दुकाने बंद असताना, आपल्या वणीत सात जण सॅनिटायझर पिऊन मेले. सॅनिटायझर माणूस मजेसाठी पितो का? हा आजार आहे, आणि आजाराला उपचार लागतो.

तो मिळतो का? केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या २०१९ च्या पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठलातरी उपचार मिळतो. बाकीच्या ३७ जणांत आपल्या वस्तीतले किती, हे घरोघरच्या बायांना विचारा.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येऊ. 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस', म्हणजे एए, १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरताना सुरू झाली. तिथे फी नाही. जात, धर्म, पगार कोणी विचारत नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. पिणारेच पिणाऱ्यांसमोर बोलतात आणि तिथले नाव तिथेच राहते. घरच्यांसाठी 'अल-अनॉन' वेगळी.

आपले काही तरुण लगेच विचारतील, "त्यांच्या बारा पायऱ्यांत देव आहे, आपण कसे जायचे?" प्रश्न रास्त आहे. पायऱ्यांत देवाचा उल्लेख आहेच. पण ज्याला जसा समजेल तसा, अशी मोकळीकही आहे, आणि त्या समूहालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानून दारू सोडलेले नास्तिक तिथे आहेत. आपल्याकडे तर त्यासाठी शब्दही तयार आहे : संघ. ज्याला तेही पटत नाही, त्याच्यासाठी बुद्धाच्या शिकवणीवर चालणारे गटही जगात आहेत. 'रिकव्हरी धर्मा' हा त्यातला एक. म्हणजे अमेरिकेतली माणसे व्यसनमुक्तीसाठी बुद्धाकडे येतात, आणि आपले विहार संध्याकाळी कुलूपबंद!

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. प्रत्येक तालुक्याच्या गावी किमान एका विहाराने आठवड्यातली एक संध्याकाळ या मीटिंगला द्यावी. एए कुठल्याही धर्मसंस्थेशी बांधली जात नाही, तेव्हा खोली द्यायची, आपला फलक लावायचा नाही. दारू सोडू पाहणारे दोघे जमले तरी सुरुवात होते. आणि आपण कार्यकर्त्यांनी तिथे भाषण ठोकायचे नाही. चटई टाकायची, चहा ठेवायचा आणि बाहेर पडायचे. कोण आले होते, हे बाहेर कोणाला सांगायचे नाही.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याला "आजपासून बंद" म्हणून घरात कोंडू नका. एकदम बंद केल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरतात, भास होतात, फिट येते, जीवही जाऊ शकतो. आधी सरकारी दवाखान्यात न्या. यवतमाळला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सल्ल्यासाठी १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा क्रमांक आहे. तो विहाराच्या भिंतीवर ठळक लिहा. मीटिंग त्यानंतरची, पण आयुष्यभराची.

आणि तो पुन्हा प्याला तर? पुन्हा येऊ द्या. बोटांची माळ घालणाऱ्या अंगुलिमालाला बुद्धाने संघात घेतले. आपल्या भावाच्या हातात तर फक्त बाटली आहे.

ती आई पुन्हा येईल. तेव्हा तिला वार, वेळ आणि जागा सांगता आली पाहिजे.

जय भीम!